पावसाळ्यात घरातली पानांची झाडं आत ठेवावीत की बाहेर? (बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणीकरांनो, लिहा)

मनीप्लांटवाली
नमस्कार मंडळी. मृग लागायच्या आत एक विषय मार्गी लावायचा आहे, म्हणून हा धागा.

आमचं घर टिळकवाडीत, दुसऱ्या मजल्यावर. हॉलला एक खिडकी पूर्वेला, एक उत्तरेला, पुढं अरुंद गॅलरी. झाडं सगळी पानांचीच: मनी प्लांट, सिंगोनियम, लाल कडांचं अॅग्लोनेमा, रबर प्लांट, दोन कॅलाथिया आणि कोपऱ्यात अरेका पाम. फेब्रुवारी ते मे कशाचीही तक्रार नसते. तरण्या-म्हाताऱ्या (जुलैतल्या पुनर्वसू-पुष्य नक्षत्रांच्या) पावसात मात्र सगळं बिनसतं. एकदा झड लागली की दिवसचे दिवस ऊन नाही. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत तिथं कुंडीतली माती काय वाळणार? खालची पानं पिवळी पडतात, मातीवर पांढरी बुरशी धरते, चिलटं उडायला लागतात.

व्हिडिओतले सल्ले आपल्याकडं लागू पडत नाहीत. "रोज पानांवर पाणी फवारा, दमटपणा वाढवा" हे ऐकून जुलैत बेळगावात कुणी तसं केलं तर पानांवर तपकिरी डाग ठरलेले.

माझं ठाम मत असं की ही झाडं पावसाळाभर घरातच, खिडकीला लागून ठेवावीत आणि पाण्याचा तांब्या लांब ठेवावा. शेजारच्या काकू म्हणतात, "पावसाचं पाणी म्हणजे अमृत, सगळ्या कुंड्या बाहेर काढ." त्यांचा अनुभव मोठा, त्यामुळं सरळ नाही म्हणवत नाही. तुम्ही काय करता? गाव लिहाच, कारण घाटमाथ्यावरच्या कणकुंबीचा पाऊस आणि कोरड्या अथणीचा पाऊस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जांबोटी_रस्ता
काकू बरोबर आहेत की ओ! आमचं खानापूर तालुक्यातलं कौलारू घर. माजघरात भर दुपारी लाइट लावावी लागते, तिथं झाड ठेवून काय उपयोग? मिरगाचा पाऊस झाला की माझी सगळी झाडं ओसरीवर येतात, दसऱ्याला परत आत. ओसरीवर म्हणजे उघड्यावर नव्हे हं, पागोळ्यांच्या आत हातभर. वाऱ्यानं तुषार येतील तेवढंच पाणी.

मनी प्लांट तर मी आत नेतच नाही, परसातल्या माडावर चढवलाय. पान सुपाएवढं झालंय आणि कडेनं फाटलंय. बघणाऱ्याला पटत नाही की बाटलीत वाढतं तेच हे झाड.

खडेबाजार_७
वाचूलालोय. आमच्याकडं पण हीच कथा.

अरभावी_बॅच
मी अरभावीच्या महाविद्यालयात उद्यानविद्या शिकले, आता हिंडलग्याला राहते. आत की बाहेर हे शेवटी उजेडावर आणि मुळांना मिळणाऱ्या हवेवर ठरतं, म्हणून जरा विस्तारानं लिहिते.

मुळांनी ओढलेलं बहुतेक सगळं पाणी झाड पानांवाटे वाफ करून सोडतं. जुलैत हवा आधीच पाण्यानं भरलेली, वर ढग. वाफ बाहेर पडायला वाव नाही, त्यामुळं झाडाची तहान एप्रिलच्या मानानं फार कमी होते. आपण मात्र सवयीनं रोज सकाळी पेलाभर ओततो. मातीच्या कणांमधल्या ज्या पोकळ्यांत हवा असायला हवी तिथं पाणी बसून राहतं. मुळांनाही श्वास लागतो. प्राणवायू मिळाला नाही की ती मरतात, आणि अशा मुळांवर पिथियम, फायटोफ्थोरा हे रोगजंतू बसतात. पुढचा भाग सगळ्यात फसवा: मूळ सडलं की पान मलूल होतं, माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, आणि तो आणखी ओततो.

परीक्षा सोपी आहे. बोट दोन पेरं मातीत घाला, कुंडी उचलून वजन बघा. तरीही संशय असेल तर झाड अलगद उपसा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. सडलेलं तपकिरी, चिमटीत धरून ओढलं की वरची साल हातात येते, आत बारीक दोरा तेवढा उरतो, आणि नाकाला आंबूस वास येतो. तेवढं मूळ स्वच्छ कात्रीनं कापा आणि झाड ताज्या, भुसभुशीत मिश्रणात एक नंबर लहान कुंडीत लावा. लहान अशासाठी की मोठ्या कुंडीत जिथं मुळंच पोचत नाहीत ती माती ओलीच राहते.

झीझीला (ZZ प्लांट) मातीखाली पाणी साठवणारे कंद असतात, स्नेक प्लांट पानातच पाणी धरतं. या दोघांना पावसाळ्यात दोन-तीन आठवडे पाणी नाही मिळालं तरी काही होत नाही. कॅलाथियाला ते जमत नाही, तिला हलका ओलावा लागतोच. त्यामुळं "सगळ्यांना रविवारी पाणी" असा नेम करू नये.

अथणीचं_ऊन
आमचं सगळं उलटं बघा. अथणी-रायबागकडं वर्षाचा पाऊस ५००-६०० मिलिमीटरच्या आसपास. सर आली की मी कुंड्या उचलून अंगणात नेतो!

कारण पाणी. बोअरचं पाणी इतकं जड की कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरते आणि पानांची टोकं जळल्यागत होतात. हे क्षार कुंडीतच साठत जातात. एक दणदणीत सर वरून पडून खालच्या भोकातून वाहून गेली की माती धुऊन निघते. पानांवरची धूळ जाते ती वेगळीच. पत्र्याचं पावसाचं पाणी पिंपात साठवतो आणि ते फक्त कॅलाथिया, स्पायडर प्लांट आणि ड्रॅसिनाला देतो. पिंपाला झाकण आणि वर फडकं बांधा, नाहीतर डासांची पैदास.

आणखी एक. आरओ मशिनातून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी झाडांना घाला असं मला एका नर्सरीत सांगितलं होतं. घालू नका. मशिननं गाळलेले क्षार त्या पाण्यातच एकवटलेले असतात.

आणि मातीच्या कुंड्यांचं कौतुक आम्हाला परवडत नाही. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की मातीची कुंडी एका दिवसात खडखडीत. आमच्याकडं प्लास्टिकच बरं.

जांबोटी_रस्ता
@अथणीचं_ऊन, मातीच्या कुंडीला नावं ठेवू नका ओ. खानापूरची माती आहे ती. कौलं, माठ, कुंड्या आमच्याकडच्या भाजणीच्या, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्था पण इथंच आहे. आमच्या पावसात प्लास्टिकच्या कुंडीतली माती महिनाभर चिखल राहते. मातीच्या कुंडीचं अंग पाणी पिऊन बाहेर टाकतं, हात लावला तर गार लागतं. जुलैत तोच आधार.

अरभावी_बॅच
दोघांनी एकच गोष्ट दोन टोकांवरून सांगितलीय. भाजक्या मातीच्या भिंतीतून पाणी आणि हवा दोन्ही जातात. ते खानापुरात हवंय, अथणीत नकोय. बेळगाव शहरात मी अॅग्लोनेमा, रबर, स्नेक, झीझी मातीच्या कुंडीत ठेवते आणि कॅलाथिया, फर्न प्लास्टिकमध्ये. कुंडी कुठलीही असो, खालचं भोक मोठं हवं आणि ताटलीत पाणी साचलेलं नको.

शहापूरची_सून
अवांतर होतंय, पण मनी प्लांटचा विषय निघालाय म्हणून. आमच्या सासूबाईंचं पक्कं मत, मनी प्लांट चोरून आणलं तरच लाभतं. शेजारच्या अक्कांना हे कळलं, तर त्यांनी स्वतःहून वेल कंपाउंडवरून आमच्या बाजूला सोडला आणि दुपारी दार लावून घेतलं, म्हणजे आम्हाला बिनघोर चोरता यावं! असे शेजारी पाहिजेत.

हिंदवाडी_जिना
हाहाहा. आमच्या अपार्टमेंटच्या जिन्यातला मनी प्लांट या समजुतीपायी पार बोडका झाला. शेवटी मी पाटी लावली: "मागा, मुळं फुटलेली फांदी मिळेल." आता लोक बेल वाजवून मागतात आणि झाडही भरलंय.

पुस्तकी_किडा
अवांतरात भर. घरातल्या मनी प्लांटला फूल आलेलं कुणी पाहिलंय? नसणारच. हे झाड मूळचं पॅसिफिक महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियातल्या एका बेटाचं. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक तयार करणारं जनुक त्याच्यात नीट काम करत नाही, हे २०१६ साली संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणजे जगभरातले मनी प्लांट फांदी तोडून वाढवलेले. शहापूरची चोरी धरून.

मनीप्लांटवाली
काय सुरेख प्रतिसाद येतायत! सासूबाईंना आणि अक्कांना माझा नमस्कार सांगा.

@अरभावी_बॅच, भुसभुशीत मिश्रण म्हणजे नक्की काय काय? नर्सरीतून आणलेल्या झाडाच्या मुळाशी लाल मातीचा घट्ट गोळा असतो. पाणी घातलं तर वरून वाहतं, नाहीतर आठवडाभर आत अडकून राहतं.

अरभावी_बॅच
तो गोळा आपल्याकडं सगळीकडंच दिसतो. झाड वाहतुकीत हलू नये म्हणून चिकट माती वापरतात. घरी आणल्यावर आठ-दहा दिवस रुळू द्या, मग गोळा पाण्यात भिजवून हलक्या हातानं मोकळा करा. सगळी माती ओरबाडून काढू नका, बारीक मुळं तुटतात.

माझं मिश्रण: धुतलेलं कोकोपीट दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, आणि एक भाग काहीतरी खडबडीत. त्यात परलाइट (हलके पांढरे खडे) चालतं, विटांचे चण्याएवढे तुकडे चालतात, लाकडी कोळशाचा चुरा चालतो. आपल्याकडं भाताचं तूस मुबलक आहे, ते अर्धवट जाळून काळं झालेलं फार छान काम करतं. कोकोपीट धुवा म्हणते, कारण नारळाच्या काथ्यात मीठ असू शकतं.

उद्यमबाग_शिफ्ट
इथं एक गोष्ट कळकळीनं सांगतो. मी फाउंड्रीत कामाला आहे. आमच्याकडं ओतकामाची वापरलेली काळी वाळू ढिगानं पडलेली असते आणि लोक कुंडीत घालायला पोती भरून नेतात, फुकट मिळते म्हणून. नेऊ नका. त्या वाळूत बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी मिसळलेली असते, काही साच्यांत रेझिनही असतं. बेंटोनाइट पाण्यानं फुगतं. निचऱ्यासाठी वाळू घातली आणि निचराच बंद झाला, असं होतं. नदीची जाड वाळू चाळून धुऊन घ्या, नाहीतर विटेचे तुकडे सगळ्यात बरे.

निपाणी_नाका
पिठ्या ढेकणाचं बोलत नाही कुणी? पावसाळा संपता संपता रबराच्या पानांच्या बेचक्यात कापूस चिकटल्यागत दिसतो, तोच. आमच्या निपाणीत आजोबांच्या काळापासून तंबाखूचा काढा. पानाचा चुरा रात्रभर भिजवायचा, सकाळी गाळून फवारायचा. कीड गार.

अरभावी_बॅच
@निपाणी_नाका, कीड मरते हे खरं, निकोटीन जालीम कीटकनाशक आहे. पण घराच्या आत नको. निकोटीन कातडीतूनही अंगात जातं. ओली तंबाखूची पानं हाताळणाऱ्या बायकांना मळमळ, चक्कर येते ते निपाणीकरांना सांगायला नको. बंद खोलीत, लहान मुलं जिथं पानांना हात लावतात तिथं तो फवारा नकोच. शिवाय तंबाखूतून येणारा मोझॅक विषाणू गच्चीवरच्या टोमॅटो-मिरचीला लागू शकतो.

थोडा ढेकूण असेल तर औषधाच्या दुकानातल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलात कापसाचा बोळा बुडवून एकेक टिपून काढा. जास्त असेल तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि थोडा भांड्यांचा लिक्विड साबण. संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं, आठवड्याच्या अंतरानं तीन वेळा. आधी एका पानावर करून बघा. आणि मुंग्यांची रांग बघा: ढेकणाच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याला सांभाळतात. मुंग्या हटवल्याशिवाय ढेकूण जात नाही.

निपाणी_नाका
पटलं. आमच्या घरात पण नातवंडं आहेत. कडुनिंबाचं तेल आणतो.

दोन_पिल्लांची_आई
लहान मुलांचा विषय निघालाच आहे तर विचारते. माझा धाकटा रांगतोय, दिसेल ते तोंडात घालतो. घरात डिफेनबाकिया आणि मनी प्लांट आहेत. ठेवू का काढू?

अरभावी_बॅच
डिफेनबाकिया आजच उचलून त्याचा हात पोचणार नाही तिथं ठेवा, नाहीतर कुणाला तरी देऊन टाका. हे अळूच्या कुळातलं झाड. नीट न शिजलेल्या अळूनं घसा खवखवतो तो ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांमुळं, तेच याच्या पानात-खोडात ठासून भरलेले असतात. मूल चावलं तर ओठ, जीभ सुजते, लाळ गळते. तोंडातला तुकडा काढा, तोंड पाण्यानं पुसा, थोडं गार दूध द्या, उलटी करवू नका आणि डॉक्टरकडं न्या. गिळायला किंवा श्वासाला त्रास दिसला तर क्षणभरही थांबू नका.

मनी प्लांट, सिंगोनियम, अॅग्लोनेमा, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, पीस लिली ही सगळी त्याच कुळातली, त्रास तसाच, बहुधा कमी. रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कॅलाथिया, अरेका पाम, स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न, पेपरोमिया निर्धास्त ठेवा.

दोन_पिल्लांची_आई
खूप खूप आभार अक्का. डिफेनबाकिया दिराकडं रवाना केलं. त्यांच्याकडं सगळे मोठे आहेत.

वडगाव_माग
आमच्या मनी प्लांटच्या पानांच्या टोकांवर रोज सकाळी थेंब लोंबत असतात. खाली फरशी ओली. छत गळत नाही, बघितलं. रोग आहे का?

जांबोटी_रस्ता
रोग न्हवं ओ. अळूच्या पानाच्या टोकाला पहाटे दिसतो की तसाच थेंब.

अरभावी_बॅच
बरोबर. माती ओली आणि हवा दमट असली की रात्री मुळं पाणी वर ढकलत राहतात, वाफ होत नाही, मग पानाच्या टोकाकडच्या बारीक रंध्रांतून ते थेंबानं बाहेर येतं. झाडाला अपाय नाही. पण रोज होत असेल तर माती फार ओली आहे असं समजा आणि दोन-चार दिवस पाणी थांबवा.

प्राणवायू_प्रेमी
पण मंडळी, पावसाळ्यात खिडक्या बंद असतात तेव्हा ही झाडं हवा शुद्ध करतात हा फायदा विसरू नका. नासानं सिद्ध केलंय. प्रत्येक खोलीत दोन स्नेक प्लांट ठेवली की पुरे.

पुस्तकी_किडा
@प्राणवायू_प्रेमी, १९८९ चा तो नासाचा प्रयोग खरा आहे, पण तो लहान हवाबंद पेट्यांत केला होता. घर कितीही बंद केलं तरी दारा-फटींतून हवा बदलत असते. २०१९ साली दोन संशोधकांनी तोवरच्या सगळ्या प्रयोगांचे आकडे एकत्र मांडले. घराच्या नेहमीच्या हवा-बदलाइतकं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. दोन स्नेक प्लांटनी ते होणार नाही. हवेसाठी खिडकी उघडा. झाडं डोळ्यांना आणि मनाला बरं वाटतं म्हणून ठेवा, तेवढं कारण भरपूर झालं.

प्राणवायू_प्रेमी
हे मला नवीन आहे. तरी स्नेक प्लांट हलवणार नाही, बेडरूममध्ये छान दिसतं.

कॅम्पातले_काका
मूळ प्रश्नाकडं येतो. मनीप्लांटवाली ताई, तुमची झाडं आत ठेवायला माझी हरकत नाही, पण "खिडकीला लागून" याचा अर्थ मोजून घ्या. माणसाचा डोळा अंधाराला सरावतो, त्यामुळं खोलीत उजेड आहे असं आपल्याला वाटतं. खिडकीपासून पाच-सहा फूट आत गेलात की उजेड काही पटींनी घटतो. मोबाइलवर लक्समीटरचं, म्हणजे उजेड मोजायचं, अॅप फुकट मिळतं. फोन पानाजवळ ठेवून दुपारी बघा. हजार लक्सच्या आत असेल तर झीझी, स्नेक, हिरवं अॅग्लोनेमा कसंबसं तग धरतात, बाकीच्यांची वाढ थांबते. रंगीत अॅग्लोनेमाला आणि चट्टेदार मनी प्लांटला त्याहून बरंच जास्त हवं, नाहीतर नवी पानं साधी हिरवी यायला लागतात. अॅप नको असेल तर पांढऱ्या कागदावर फूटभर उंच हात धरा. सावलीची कड ठळक दिसली तर उजेड चांगला, पुसट दिसली तर मध्यम, दिसलीच नाही तर जागा बदला.

उत्तरेच्या खिडकीविषयी. पुस्तकांत लिहितात की उत्तरेकडून थेट ऊन येत नाही. ते दूरच्या थंड देशांसाठी. बेळगाव साधारण १६ अक्षांशावर. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत तो आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे मे महिन्यात तुमच्या उत्तरेच्या खिडकीत सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन येत असणार. तेव्हा कॅलाथियाला पडदा लागेल. पावसात मात्र तीच खिडकी मोकळी सोडा.

आणि आपल्याकडची ती निळी ताडपत्री! पावसाचा मारा अडवायला लोक गॅलरीला, खिडकीला जूनमध्ये ठोकतात ती दिवाळीला काढतात. तिच्यामागं झाडाला अंधार. बांधायचीच तर पारदर्शक प्लास्टिक बांधा आणि मधून मधून त्यावरचं शेवाळ पुसा. तेही जमत नसेल तर साधी २० वॉटची पांढरी एलईडी पट्टी पानांच्या वर फूट-दीड फुटावर टांगा आणि दिवसा बारा तास चालू ठेवा. रंगीत, महागडे दिवे घेऊ नका.

मनीप्लांटवाली
काका, सावलीची परीक्षा आत्ताच केली. पूर्वेच्या खिडकीत कड ठळक, हॉलच्या कोपऱ्यात सावलीच नाही. अरेका पाम नेमका त्याच कोपऱ्यात आहे. आमच्या गॅलरीलाही निळीच ताडपत्री असते, ती यंदा बदलते.

हिंदवाडी_जिना
एक पूरक सूचना. छताचा पंखा पावसाळ्यातही मंद चालू ठेवा. हवा हलली की मातीचा वरचा थर वाळतो आणि पानांवरची बुरशी कमी होते. चिलटांच्या अळ्या त्याच वरच्या ओल्या थरात वाढतात. दोन पाण्यांच्या मध्ये वरचा इंचभर थर वाळू दिला आणि पिवळी चिकट कार्डं टोचली की चिलटं आटोक्यात येतात. चहाचा चोथा आणि तांदळाचं धुवण तेवढे चार महिने बंद ठेवा, त्यावरच ती पोसतात.

जांबोटी_रस्ता
पण माझं म्हणणं मी सोडत नाही. ज्याला ओसरी आहे त्यानं झाडं आत कोंडू नयेत. पावसातली पालवी घरात येतच नाही.

अरभावी_बॅच
ओसरी असेल तर मीही तेच करीन. फक्त तीन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे मोठ्या शंखी गोगलगाई. रात्रीत कोवळं पान चाळणी करतात. टॉर्च घेऊन हातमोज्यानं वेचा. त्यांच्यावर टाकायचं मीठ कुंडीत पडू देऊ नका. दुसरं, श्रावणातलं ऊन. झडीत वाढलेलं पान नाजूक असतं. आभाळ अचानक उघडलं आणि दुपारचं ऊन त्यावर पडलं की पांढरे चट्टे पडतात, आणि ते पान पुन्हा सुधारत नाही. तिसरं, झाडं परत आत न्यायला उशीर नको. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं रात्री पारा बारा-चौदा अंशांपर्यंत उतरतो. कॅलाथिया आणि अॅग्लोनेमाला पंधराच्या खाली बाधायला लागतं. थंडीत खिडकीच्या काचेला पान टेकू देऊ नका.

अथणीचं_ऊन
आणि घरात आणण्यापूर्वी पानं पुसा, खालून पण. ओल्या फडक्यानं. खोबरेल तेल किंवा दूध लावून चमकवू नका, धूळ चिकटते.

मनीप्लांटवाली
सगळं वाचून आमच्यापुरतं ठरवलं: रबर, मनी प्लांट आणि सिंगोनियम गॅलरीत छपराखाली, पारदर्शक प्लास्टिकच्या आत. अॅग्लोनेमा आणि कॅलाथिया पूर्वेच्या खिडकीत, पाणी बोट घालून बघितल्याशिवाय नाही. अरेकाला कोपऱ्यातून काढून उत्तरेच्या खिडकीशी. काकूंना हा धागा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, रबराला तरी एक मोठी सर थेट अंगावर घेऊ दे. ते करणार आहे.

एकच राहिलं. कुंडी बदलायची असेल तर आत्ता, मृगाच्या तोंडावर बदलू की पावसाळा संपल्यावर?

जांबोटी_रस्ता
आत्ताच. पावसात काठी रोवली तरी फुटते.

अरभावी_बॅच
फांद्या लावायला पावसाळा उत्तमच. मनी प्लांट, सिंगोनियमची फांदी पेराच्या खाली कापा, एक पेर पाण्यात किंवा ओल्या कोकोपीटात बुडेल अशी ठेवा, मुळं लवकर येतात. पण घरात राहणाऱ्या झाडाची कुंडी भर पावसात बदलू नका. दुखावलेली मुळं थंड, ओल्या मातीत भरून यायला वेळ लागतो. आत्ता मेअखेर ऊन आहे तोवर, मिळेल त्या आठवड्यात बदला. ते हुकलं तर फेब्रुवारीपर्यंत थांबा. कुंडी बदलल्यावर महिनाभर खत नको. मग १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, तेही नवी पानं निघत असतील तरच.

हिंदवाडी_जिना
@मनीप्लांटवाली, टिळकवाडी आम्हाला जवळच. जिन्यातल्या मनी प्लांटच्या आणि सिंगोनियमच्या मुळं फुटलेल्या फांद्या बाटल्यांत तयार आहेत. इथं ज्यांना हव्यात त्यांनी संदेश पाठवा, शनिवारी बाजाराला निघण्याआधी येऊन न्या. बाटली आपली आणा.

शहापूरची_सून
मला सिंगोनियमची एक. सासूबाईंना सांगते, हे मागून आणलं तरी चालतं.